वजन कळलं, नाव कळंना

लग्नाच्या बायोडाटातला 'नोकरी' हा रकाना सगळ्यात सोपा, असं आमच्या वहिनींचं परवापर्यंत ठाम मत होतं. मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी, पुण्यात एका प्रयोगशाळेत कामाला, पगार बरा, स्वयंपाक येतो (म्हणजे यूट्यूब बघून येतो). आता फक्त नेमकं काम काय, एवढंच लिहायचं राहिलं होतं. पुतणी फोनवरून म्हणाली, "लिही गं आई. मास स्पेक्ट्रोमेट्रीनं मानवी मूत्रातील मेटाबोलाइट ओळखणे." वहिनींनी 'मानवी'पर्यंत लिहिलं आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

मग आमच्या उचगावच्या घरात बैठक बसली. आण्णांचं म्हणणं, 'शास्त्रज्ञ' एवढंच लिहा, पुढचं देव बघून घेईल. काकींचं म्हणणं, 'लॅबमध्ये' लिहा. पण मग लोक शुगर तपासायचे किती घेता म्हणून विचारतात. आज्जी भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "त्यात लपवायचं काय हाय? राजा असू दे न्हाईतर रंक, सकाळी उठून पयलं त्येच करतोय." तिचं कुणी ऐकलं नाही. छापून आलं ते 'संशोधन (रसायन)'.

पाहुणे आले, पोहे झाले, चहा आला. मुलाच्या मामांनी सहज विचारलं, "रसायन म्हंजे खताचं का औषधाचं?"

पुतणीला खोटं बोलायची सवय नाही. "लघवीचं," ती म्हणाली.

मामांनी हातातल्या कपाकडं पाहिलं, चहाचा रंग पाहिला आणि कप हळूच बशीत ठेवला. आमच्याकडचा चहा जरा पातळच असतो, हे खरं आहे.

स्थळ पुढं सरकलं नाही. घरातली त्या विषयाची लाज मात्र त्या दिवशी जी गेली ती गेली. आता पुतणी सुट्टीला आली की संध्याकाळी आमच्या सोप्यात गल्ली जमते आणि मुतावर परिसंवाद झडतात. शब्द आज्जीचा आहे, माझा नाही. तिला 'मूत्र' म्हटलं की कुणीतरी कीर्तन करतंय असं वाटतं.

साधी गोष्ट आधी. आपण लॅबमध्ये डबी नेऊन देतो, तेव्हा तिथला पोरगा तीत एक पट्टी बुडवतो. पट्टीवर दहाएक रंगीत चौकोन असतात. साखर आहे का, प्रथिनं आहेत का, रक्त आहे का, किटोन आहेत का. प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारता येतो, आणि रंग बदलून तो हो किंवा नाही म्हणतो. 'आत आणखी कोण कोण आहे?' असं पट्टी कधी विचारत नाही. ते मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा वजनकाटा, विचारतो, आणि उत्तर इतकं लांबतं की विचारणाऱ्यानं डोकं धरावं.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड विशार्ट यांच्या चमूनं २०१३ साली माणसाच्या लघवीत काय काय असतं त्याची यादीच प्रसिद्ध केली. एका यंत्रावर भागलं नाही. एनएमआर नावाच्या यंत्रानं २०९ रेणू दाखवले, गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरनं १७९, दुसऱ्या जातीच्या मास स्पेक्ट्रोमीटरनं १२७, धातू शोधणाऱ्यानं आणखी ४०. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करून स्वतःच्या प्रयोगशाळेत ओळखलेले ४४५ भरले. मग जुने शोधनिबंध उपसून खात्रीची यादी केली ती २६५१ ची, आणि त्यांच्या रासायनिक रचना मोजल्या तर ३०७९. हे सगळं पाणी वगळून. लघवीत पंच्याण्णव टक्के पाणीच असतं. ही सगळी जत्रा उरलेल्या पाच टक्क्यांत.

हे ऐकून आज्जीच्या तोंडून निघालं ते असं : "आगं बाई, म्हंजे येवढं समदं आपन रोज वाया घालवतोय?"

वाया जाऊ नये म्हणून धडपडणारे लोक होऊन गेलेत. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांडला लघवीच्या पिवळेपणात सोनं दिसलं. त्यानं १६६९ साली ती पिंपाच्या पिंपं गोळा करून कुजवली, आटवली, भाजली; शेवटी अंधारात चमकणारा पदार्थ मिळाला, तो फॉस्फरस. सोनं नाही मिळालं, पण मूलद्रव्य मिळालं. ब्रांडच्या शेजाऱ्यांबद्दल इतिहास गप्प आहे. त्यांच्यापैकी कुणी नंतर लिहिण्याच्या मनःस्थितीत राहिलं नसावं. नंतर १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलरनं काचेच्या भांड्यात युरिया तयार केला आणि आपल्या गुरूला, बर्झेलियसला, कळवलं की मूत्रपिंडाची, मग ते माणसाचं असो की कुत्र्याचं, आता गरज नाही. आज आमच्या शिवारात पडणारा पोतीच्या पोती युरिया त्याच ओळीतला. आमचे तात्या तो उसाला घालतात तेव्हा नाकाला रुमाल लावत नाहीत.

आपल्याकडं तर हा विषय लाजेचा कधी नव्हताच. आयुर्वेदात प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, वीस प्रकार सांगितलेत : कफाचे दहा, पित्ताचे सहा, वाताचे चार. नावं ऐकावीत. उदकमेह, इक्षुमेह, सुरामेह, हारिद्रमेह, मांजिष्ठमेह. पाण्यासारखी, उसाच्या रसासारखी, दारूसारखी, हळदीसारखी, मंजिष्ठेच्या काढ्यासारखी. इक्षुमेहाचं निदान कोल्हापूर जिल्ह्यात करणाऱ्या वैद्याला उपमा शोधायला बांधापलीकडं जायला नको. लघवीला मुंग्या लागतात, हे चरकानं लिहून ठेवलंय. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिसलाही मधुमेह्याची लघवी गोड असते हे कळलं, पण ते त्याला कळलं चव घेऊन. चरकानं निदान मुंग्यांना तरी कामाला लावलं होतं.

योगरत्नाकरात तैलबिंदू परीक्षा आहे. लघवीवर तेलाचा थेंब सोडायचा. भराभर पसरला तर रोग बरा होणार, तसाच राहिला तर कष्टानं बरा होणार, बुडाला तर आशा सोडायची. शाळेत ज्यांनी तेल पाण्यावर तरंगतं हे नीट पाठ केलंय, त्यांना या परीक्षेचा मोठा आधार वाटेल.

मोरारजीभाईंचं नाव घेतल्याशिवाय आमच्या आण्णांना हा विषय पुढं नेता येत नाही. पंतप्रधान असताना १९७८ साली त्यांनी अमेरिकी टीव्हीच्या मुलाखतीत आपल्या शिवाम्बूप्राशनाबद्दल मोकळेपणानं सांगितलं, आणि तिकडच्या घराघरांत त्या दिवशी संत्र्याचा रस बहुधा शिल्लक राहिला. ते नव्याण्णव वर्षं जगले. मराठी माणसानं मोरारजींविषयी मनात धरून ठेवलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यात ही नाही. ही त्यांची खाजगी बाब. १९९६ साली गोव्यात शिवाम्बूची जागतिक परिषदही झाली. माझं मत विचाराल तर मूत्रपिंडांनी रात्रभर राबून जे बाहेर काढलंय, ते पुन्हा आत पाठवणं हा त्यांचा अपमान आहे. पुतणीचं मत विचारलं तर ती म्हणते, "काका, आम्ही ती उणे ऐंशी अंशाला गोठवून ठेवतो. पिण्यासारखी राहतच नाही."

तर यंत्र. गोठवलेला नमुना वितळवायचा, गरागरा फिरवून गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी घालून पातळ करायचं. एवढी सगळी पाककृती. मग त्याचा एखादा थेंब, थेंबापेक्षाही कमी, बोटभर लांबीच्या पोलादी नळीतून सोडतात. नळीत बारीक भुकटी ठासून भरलेली असते. काही रेणू तिला चिकटत चिकटत येतात, काही सरळ निघून जातात. बाहेर पडायची प्रत्येकाची वेळ ठरलेली. नळीच्या टोकाला सुई, सुईवर तीन-चार हजार व्होल्ट, सुईतून फवारा. फवाऱ्याचे थेंब उडता उडता वाळतात आणि वीजभार घेतलेले रेणू तेवढे पुढं निर्वातात ओढले जातात. रेणू न मोडता त्याला हवेत उडवायच्या या युक्तीसाठी जॉन फेन यांना २००२ साली नोबेल मिळालं. निर्वातात सगळ्यांना सारखाच धक्का देतात. हलका आधी पोचतो, जड मागून. पोचायला लागलेल्या वेळेवरून वजन. अशा एका यंत्राची किंमत कोटींत जाते.

"काटा कुणाचा?" तात्यांनी विचारलं.

"परदेशी आहे, तात्या."

"मग बराबर आसंल. कितीचा फरक पडतोय?"

"पाच पीपीएम. म्हणजे दहा लाखांत पाच."

तात्यांना पीपीएम झेपेना. पुतणीनं हिशेब सोपा केला. एक टन ऊस काट्यावर गेला, तर फरक पडायचा तो पाच ग्रॅमचा.

तात्या गप्प झाले. तंबाखूची डबी उघडली, मिटली. तीस वर्षं कारखान्याला ऊस घालून त्यांच्या वजनकाट्याविषयीच्या ज्या काही श्रद्धा झाल्यात, त्या इथं छापता येणार नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लघवीला येवढा काटेकोर काटा! आनि उसाला...?" यावर सोप्यात कुणाकडंच उत्तर नव्हतं.

आता खरी गंमत. इतकं काटेकोर वजन कळलं, म्हणजे रेणू कळला असं कुणालाही वाटेल. मलाही पुतणीच्या कामात अवघड काय ते समजत नव्हतं. यंत्र आकडा सांगणार, पुस्तकात बघायचं, नाव लिहायचं, घरी यायचं. तिनं समोर कागद ठेवला : १८०.०६३४. हा कोण? ग्लुकोज. बरोबर. पण फ्रुक्टोजही १८०.०६३४, आणि गॅलॅक्टोजही १८०.०६३४. अणू तेच, तेवढेच. जोडलेत फक्त वेगवेगळे. बरं, चहातलं कॅफीन शरीरात गेलं की त्याचा एकेक तुकडा गळून तीन रेणू होतात : पॅराझँथीन, थिओब्रोमीन, थिओफिलीन. तिघांचंही वजन १८०.०६४७. म्हणजे ग्लुकोजच्या आणि त्यांच्या वजनात फरक दशांशानंतरच्या तिसऱ्या घरात. तो फरक यंत्राला कळतो, म्हणून तर त्याला कोटी मोजले. पण त्या तिघांतला हा कोणता, ते नुसत्या वजनावरून परदेशी काट्यालाही सांगता येत नाही.

हे मला समजलं ते आमच्या गावामुळं. नुसतं वजन कळणं म्हणजे पाकिटावर 'पाटील, उचगाव' एवढाच पत्ता असणं. पहिला प्रश्न, कुठलं उचगाव? एक आमचं, करवीर तालुक्यातलं, तावडे हॉटेल ओलांडलं की हायवेच्या अंगाचं. कोल्हापूर महापालिका जे हद्दीत घ्यायचं म्हणते आणि जे येणार नाही म्हणतं ते. दुसरं बेळगावजवळचं, मळेकरणी देवीचं, जिथं मराठी साहित्य संमेलन भरतं. समजा आमचं ठरलं. मग कुठले पाटील? इथं दगड मारला तर पाटलाला लागतो आणि उलट येतो तोही पाटलाकडून. पोस्टमननं आता शोधायचं कसं? तो विचारणार : घरातून कधी बाहेर पडतात? सकाळच्या पाळीला जाणारे, की उन्हं उतरल्यावर पारावर येणारे? ही झाली नळीतून बाहेर पडायची वेळ. आणि तेवढ्यानंही नाही भागलं, तर शेवटचा उपाय : भांडण काढायचं. माणूस चिडला की त्याच्या तोंडून भावकी बाहेर पडते. यंत्रातही तेच करतात. रेणूला वायूच्या रेणूंवर आपटतात, तो फुटतो, आणि तुकडे बघून ओळखतात. हिप्पुरिक आम्ल फुटलं की त्यातून १०५ वजनाचा तुकडा हमखास पडतो. क्रिएटिनीन फुटलं की ४४ चा.

त्यात आणखी घोळ असा की एकच पाटील चार वेशांत फिरतो. कधी एकटा प्रोटॉन घेऊन, कधी सोडियमला मोटारसायकलवर मागं बसवून. मग काट्यावर वजन बावीसनं वाढलेलं दिसतं. लघवी खारट, सोडियमला तोटा नाही. कधी एकाच घरचे दोघं हातात हात घालून काट्यावर चढतात. कधी सुईच्या तोंडाशीच हातपाय मोडून आत येतात. त्यामुळं पडद्यावर हजारो शिखरं उभी राहतात आणि माणसं मोजायला गेलं की बरीच कमी निघतात. निवडणुकीतल्या मतदार यादीचं काम केलेल्या शिक्षकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

या धंद्यातल्या लोकांनी २००७ साली आपसांत एक करार केला, तो मला फार आवडला. ओळख पटली असं म्हणायच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिली : त्या रेणूची शुद्ध पुडी विकत आणून, आपल्याच यंत्रावर, त्याच तऱ्हेनं चालवून, वेळ आणि तुकडे दोन्ही जुळले तर. म्हणजे माणूस शेजारी उभा करून. दुसरी : दुसऱ्या कुणी संग्रहात ठेवलेल्या तुकड्यांच्या चित्राशी जुळलं, पण माणूस आणला नाही. तिसरी : नाव नाही सांगता येत, घराणं तेवढं कळतंय. चौथी : अनोळखी. वजन इतकं, वेळ इतकी, रोज येतो, कोण आहे माहीत नाही. आणि कुठल्याही नमुन्यात सगळ्यात मोठी गर्दी या चौथ्या पायरीवर असते.

आमच्या गावात चौथी पायरी बांधलेलीच नाही. पारावर बसलेल्या माणसाला अनोळखी असा माणूस कधी दिसतच नाही. हायवेवरून कुणी परका उतरला, की तो कुणाचा पाहुणा, कशाला आला, त्याचं लग्न का मोडलं, इथपर्यंत त्याचा चहा यायच्या आत ठरलेलं असतं. आणि हे सगळं पहिल्या पायरीच्या खात्रीनं. पुतणी एका शिखरापाशी आठवडाभर बसते आणि शेवटी लिहिते, 'बहुधा अमुक, दुसरी पायरी'. तात्यांना याचा संताप येतो. "येवढं शिकून 'बहुधा'? आमचा लॅबवाला पोरगा दहावी पास, पन ठोकून सांगतोय." ठोकून सांगणाऱ्याला आमच्याकडं मान आहे. माझं म्हणाल, तर मला आता 'बहुधा' लिहिणाऱ्याचा रिपोर्ट हातात घ्यायला जास्त आवडतं.

पण ज्यांची पहिल्या पायरीवर ओळख पटलीय, ते रेणू काय काय चहाड्या करतात ते ऐकून सोप्यातली गर्दी पातळ झाली. आमच्या तात्यांनी संकष्टीपासून तंबाखू सोडली आहे. (वर डबी उघडून मिटली ती सवयीनं.) निकोटीन शरीरातून काही तासांत ओसरतं, पण त्याचं यकृतात कोटिनीन होतं, आणि ते दोन-चार दिवस लघवीत येत राहतं. मशेरीचं तेच. "म्हंजे सोडली म्हनून सांगून उपेग न्हाई," तात्या पुटपुटले. दारू उतरते, तोंडाचा वास जातो, तरी एथिल ग्लुकुरोनाइड नावाचा रेणू नंतरही दोन-तीन दिवस साक्ष देत बसतो. कोंबडी खाल्ली की अन्सेरीन नावाचं एक संयुग लघवीत उतरतं. श्रावणात हे यंत्र गावात आणू नये, असा ठराव सोप्यात एकमतानं झाला. ठराव मांडणाऱ्यांची नावं मी लिहीत नाही. पहिल्या पायरीची ओळख पटलेली आहे.

पुतणीनं धीर दिला. नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो. देणाऱ्याची लेखी संमती लागते. आणि कोण काय खातो याच्याशी प्रयोगशाळेला कर्तव्य नाही. मग तिनं आणखी एक सांगितलं. यंत्र दिवसभर एकसारखं चालतंय की नाही हे तपासायला सगळ्यांच्या नमुन्यातला थोडा थोडा भाग घेऊन एकत्र करतात, आणि तो मिसळलेला नमुना दर काही नमुन्यांनंतर यंत्रावर चढवतात. आकडा तोच आला, तर यंत्र ठीक. म्हणजे बघा, ग्रामपंचायतीतले दोन्ही गट, हद्दवाढीला विरोध करणारे आणि गुपचूप पाठिंबा देणारे, बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ, सगळे एका बाटलीत, आणि यंत्राचा त्यांच्यावरच सगळ्यात जास्त विश्वास. आमच्या गावात सर्वपक्षीय एकी यापूर्वी झाल्याचं कुणाला आठवत नाही.

कोल्हापूरच्या अंगणात राहून पैलवानांना वगळता येत नाही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून त्यांच्यासाठी सात हजार रुपये उभे केले. त्या काळी पैलवानाला पैसे कुणी देत नव्हतं, पण त्याची लघवीही कुणी मागत नव्हतं. ऑलिम्पिकमध्ये ती मागायला लागले १९६८ पासून. मेक्सिकोत पहिला सापडला तो स्वीडनचा एक खेळाडू. पिस्तूल चालवताना हात थरथरू नये म्हणून बिअर प्याला होता. संघाचं कांस्यपदक गेलं. १९७२ ला म्युनिकमध्ये मास स्पेक्ट्रोमीटर आला आणि मामला गंभीर झाला.

आता नियम असे की नमुना किमान नव्वद मिलिलिटर, आणि तोही अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत. शंभर किलोचा गडी, हजारोंच्या समोर लंगोटावर उभा राहताना ज्याला काही वाटत नाही, तो एका माणसासमोर लाजतो. लघवी येईना. बाटलीमागून बाटली पाणी पितो. मग येते ती इतकी पातळ, की घनता भरत नाही म्हणून ती चालत नाही. पुन्हा बसा.

शोधतात ते सहसा औषध नव्हे, औषधाचे मेटाबोलाइट, म्हणजे शरीरानं त्या औषधाचे केलेले रेणू. चोर पळून गेला तरी त्याची पावलं चिखलात राहतात, काही पावलं तर महिनोन्महिने. बीजिंग आणि लंडन ऑलिम्पिकचे गोठवून ठेवलेले नमुने कित्येक वर्षांनी नव्या यंत्रांवर चढवले, तेव्हा गळ्यात पडलेली पदकं परत द्यावी लागली. तपासणारेही सुटत नाहीत : आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता जागतिक संस्थेनं २०१९ मध्ये काढून घेतली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. तोवर आपल्या खेळाडूंच्या बाटल्या विमानानं परदेशी जात होत्या. घरात पासपोर्ट नसलेला माणूस आणि त्याची लघवी फॉरेन रिटर्न.

यातली सगळ्यात चलाख गोष्ट टेस्टोस्टेरॉनची. ते अंगात असतंच. बाहेरून टोचलेलं आणि अंगातलं, रेणू एकच, वजन एकच. मग पकडणार कसं? कार्बनवरून. कार्बनचे अणू थोडे हलके, थोडे जड असतात. बाजारातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून करतात, आणि सोयाबीन, भात, गहू या पिकांत जड कार्बन जरा कमी असतो. ऊस, ज्वारी, मका या पिकांत तो जास्त. माणूस जे खातो त्याचाच बनतो, त्यामुळं भाकरी आणि गूळ खाऊन वाढलेल्या गड्याचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन कार्बननं जड भरतं, आणि टोचलेलं त्यात हलकं म्हणून उघडं पडतं. हे तात्यांना मनापासून पटलं. "म्हंजे आमचं सोताचं आसंल तर ते जडच," ते छाती काढून म्हणाले. या एका वाक्यानं त्यांनी मास स्पेक्ट्रोमेट्रीला कायमचं माफ केलं.

विनोद बाजूला ठेवून एक सांगतो. नॉर्वेत बोर्ग्नी एगेलँड नावाची एक आई होती. तिच्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली, आणि त्यांच्या लघवीला एक विचित्र, कुबट वास. ती डॉक्टरांकडं फिरली, वासाचं कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये ती अस्बियोर्न फोलिंग यांच्याकडं गेली. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं. नेहमी येतो तो रंग न येता ती हिरवी झाली. बाईंनी घरून भरभरून आणलेल्या लघवीतून त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला, शुद्ध केला, वितळवून पाहिला आणि ओळखला : फिनाइलपायरुविक आम्ल. तो आजार म्हणजे फिनाइलकिटोन्युरिया. जेवणातलं एक अमिनो आम्ल शरीराला मोडता येत नाही, ते साचतं आणि मेंदूला बाधतं. एगेलँडबाईंच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. पण नंतर जन्मलेल्या मुलांना झाला, कारण वेळेवर कळलं तर नुसत्या आहारावर मेंदू वाचतो. आज बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या एका थेंबावरून मास स्पेक्ट्रोमीटर ते काही मिनिटांत सांगतो. आज्जीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आईच्या नाकाला कळलं हुतं की." कळलं होतंच. वैद्यकाला ते मान्य करायला कागद लागला.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. लॅबमध्ये डबी द्यायची असेल तर ती लॅबमधूनच घ्या. घरातली लोणच्याची बरणी, कितीही घासलेली असली तरी, नेऊ नका. पहिली धार सोडून मधली धरा. डबी दोन तासांच्या आत पोचती करा, खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. नाव स्वच्छ अक्षरांत, वडिलांच्या नावासकट लिहा. आणि कुठली गोळी, चूर्ण, काढा चालू आहे ते न लाजता सांगा. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या भरपूर खात असाल तर नक्की सांगा, कारण त्यानं साध्या पट्टीवरचा साखरेचा आणि रक्ताचा चौकोन चुकीचं 'नाही' म्हणू शकतो.